बाबांनी नापास केलेल्या गाड्या

माझे वडील गाडी चालवण्याची परीक्षा घेणारे अधिकारी होते. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका टिपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी नापास केलेल्या माणसांची शहराबाहेर एक वेगळी वस्ती वसवता आली असती. बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात, कुठंही गेलं की दोन-चार जण आम्हाला बघून घाईघाईनं पाठ फिरवायचे. मग आई हळूच म्हणायची, "हे ह्यांच्या परीक्षेला बसून गेलेले दिसतात." मी स्वतः त्या परीक्षेच्या वाटेला गेले नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, बसनं जाते, बसनं येते आणि सुखी आहे.

आईचं तसं नाही. आई मातीची भांडी करते. तिची भट्टी शहराबाहेरच्या एका जुन्या शेडमध्ये आहे आणि बस जिथं सोडते तिथून पुढं सगळा कच्चा रस्ता. ओल्या मातीची गोणी बसमध्ये चढवायची, उतरवायची, मग ढकलगाडीवर घालून शेडपर्यंत न्यायची, असं तिनं वर्षानुवर्षं केलं. यंदा तिच्या खांद्यानं संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, ओझी बंद. ओझी बंद म्हणजे भट्टी बंद, हे डॉक्टरांना कोण सांगणार? शेडच्या मालकालाही कुणकुण लागली. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, महिनाअखेरीपर्यंत ठेवणार की सोडणार ते सांगा, म्हणाला. त्या दिवशी आईनं जेवताना जाहीर केलं, "मी गाडी घेणार आहे."

गाडी कशी हवी ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. लहान, पण उंच. कच्च्या रस्त्यावर पोट घासायला नको. बसताना गुडघ्यांना आणि उठताना कमरेला त्रास नको. आणि डिकीचं तोंड इतपत खाली हवं की गोणी उचलावी न लागता नुसती सरकवता येईल. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं की अशा गाडीला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. आईला तो शब्द इतका आवडला की दूधवाल्यालासुद्धा तिनं तो ऐकवला.

बाबा एवढंच म्हणाले, "आधी मी बघेन."

इथं आमच्या घरातली जुनी दुखरी जागा सांगायला हवी. लग्नानंतर लगेच आईनं परीक्षा दिली होती. परीक्षक बाबाच. ती उत्तम चालवत होती, हे आजही ऑफिसातले जुने लोक सांगतात. तरी बाबांनी तिला नापास केलं. का, तर साहेबांनी बायकोला पास केलं असं कोणी म्हणायला नको! वास्तविक असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आईनं त्यावर हूं का चूं केलं नाही. फक्त पुन्हा अर्ज केला नाही. बाबा निवृत्त झाले आणि लगोलग ती जाऊन लायसन्स घेऊन आली. नव्या परीक्षक बाईंनी तिला पहिल्या फटक्यात पास केलं.

"अचानक ब्रेक लावायला सांगितला का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाई."

"मग ती परीक्षा नव्हे. ती भेट झाली."

तेव्हापासून आई बाबांच्या मित्राची गाडी मागून आणून चालवायची, पण बाबा तिच्या शेजारी कधी बसले नाहीत. काही ना काही काम निघायचं. आपण बसलो आणि चूक दिसली तर बोलावं लागेल, न दिसली तर त्याहून पंचाईत, असं त्यांचं झालं असावं. हा माझा अंदाज. बाबा ताकास तूर लागू देत नाहीत.

पहिली गाडी आम्ही नवी बघितली. शोरूम असं चकचकीत की आईनं चपला काढू का म्हणून विचारलं. आईनं घरून मातीची गोणी आणली होती. ती तिनं माझ्याकडून डिकीत ठेववून घेतली, बाहेर ओढवून घेतली, पुन्हा ठेववली. पांढऱ्या गाडीच्या कडेला मातीचा ओघळ आला तसा विक्रेत्याचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा पडला. तरी बिचारा बोलत राहिला. छत उघडतं, आरसे आपोआप मिटतात, पडद्यावर नकाशा दिसतो.

"छत कशाला उघडायचं?" आईनं विचारलं.

"मॅडम, आकाश दिसतं."

"ते खिडकीतूनही दिसतं."

मग फेरी. बाबांचा नियम असा, की आधी मालकानं किंवा विक्रेत्यानं चालवायची, गाडी ठीक वाटली तर मग आईनं. विक्रेता एका हातानं स्टिअरिंग फिरवत, दुसऱ्या हातानं पडद्यावर गाणी बदलत निघाला. पहिल्या वळणावर बाबांनी घसा खाकरला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. परत आल्यावर बाबा उतरले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "आरसा बघत नाही. वळताना हात स्टिअरिंगवर नसतो. पुन्हा तयारी करून या."

"कोण, गाडी?" मी विचारलं.

"तो."

"बाबा, आपण गाडी बघायला आलोय!"

"चालवणाऱ्याकडे बघितल्याशिवाय गाडी कळते होय?"

मी कपाळाला हात लावला. गाडीचा ब्रेक कसा लागतो, क्लच जड आहे का, इंजिन कुरकुरतं का, यातलं एक अक्षरही त्यांना सांगता येईना. संपूर्ण वेळ ते विक्रेत्याच्या हातापायांकडे बघत होते. आणि नापास झालेल्या माणसाच्या गाडीत पुन्हा बसायचं नाही हेही त्यांचं जुनं तत्त्व. तेव्हा आईची पाळी आलीच नाही.

दुसरी गाडी जुनी होती, एका केकवाल्याची. गाडी छान राखलेली, टायर एकसारखे झिजलेले, दारं एका आवाजात लागणारी. आईचे डोळे चमकले. केकवाला हसत हसत किल्ली घेऊन बाहेर आला, बाबांना बघितलं आणि जागच्या जागी थिजला. त्याची बोबडीच वळली. हाही बसून गेलेला! एकदा नव्हे, अनेकदा. बाबांना तो आठवतही नव्हता, पण त्याला बाबा स्वप्नात यायचे, असं त्याच्या बायकोनं नंतर आईला सांगितलं. तरी माणूस धीर करून बसला. इतक्या सावकाश निघाला की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. चौकात सिग्नल हिरवा झाला तरी हा थांबलेला, कारण बाबांनी अजून "चला" म्हटलं नव्हतं. मागं भोंग्यांचा नुसता कल्लोळ. शेवटी तो उतरून पायी घरी गेला आणि गाडी आणायला त्याला बायको पाठवावी लागली.

"अजून कच्चा आहे," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात काहीच न करता उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "शेडमधली भांडी कुणाकुणाला देऊन टाकायची, ते बघायला हवं." आवाज अगदी साधा. मला बाबांचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी बाहेर येऊन त्यांना सुनावलं, "तुमच्यापायी तिचं काम सुटणार आहे. कळतंय का तुम्हाला?" ते वर्तमानपत्र वाचत होते. वाचतच राहिले. पण पान काही उलटलं नाही.

तिसरी गाडी मी शोधली. जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंची होती. उंच, लहान, राखाडी. मागच्या दाराला पोचा होता. बोकडानं धडक दिली म्हणाल्या. सीटवर कुत्र्यांचे केस, आत औषधाचा आणि गवताचा वास. बाई कुबड्या टेकत बाहेर आल्या. त्यांच्या एका पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं.

"घोड्यानं लाथ मारली," त्या आनंदानं म्हणाल्या. "चूक माझीच. मी त्याच्या मागं उभी होते."

गोणी डिकीत अशी सरकली की आई खुदकन हसली. तिनं वाकून टायर बघितले, बॉनेट उघडून आत कुठं तेल गळतंय का ते बघितलं, थंड इंजिन लगेच चालू होतं का, ते तपासलं. सगळं ठीक. मग बाबा सवयीनं शेजारच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "चला."

कोणीच बसेना. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टरकडे बोट दाखवलं. मला तर येतच नाही. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, किल्ली घेतली आणि स्टिअरिंगमागं बसली. मी आणि डॉक्टरीणबाई मागं. त्यांचा पाय माझ्या मांडीवर.

बाबांच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसली. मग ते समोर बघतच म्हणाले, "आपण तयार असाल तर गाडी सुरू करा."

आपण! करा! जन्मभर जिला 'अगं' म्हणून हाक मारली तिला! पण आई गालातल्या गालातसुद्धा हसली नाही. सीट पुढं घेतली, आरसे बसवले, पट्टा लावला. "तयार आहे," म्हणाली.

"पुढं उजवीकडे वळा."

वळली.

"त्या दोन गाड्यांच्या मधे मागं घेऊन लावा."

लावली. फुटपाथला खेटून, पण न घासता. डॉक्टरीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मला हे अजून जमत नाही." चढावर थांबायला सांगितलं, थांबली. पुन्हा निघताना गाडी मागं सरकली नाही. बाबांनी एकदाही घसा खाकरला नाही. त्यांचा पाय मात्र खाली चटईवर नसलेला ब्रेक दाबत होता. प्रत्येक वेळी आईचा ब्रेक त्यांच्या आधी लागलेला असायचा आणि पाय गुपचूप मागं यायचा.

मग रिकामा सरळ रस्ता लागला. मला ठाऊक होतं आता काय होणार. बाबांनी फाडकन डॅशबोर्डवर थाप मारली. "थांबा!"

गाडी जागच्या जागी उभी राहिली. आम्ही मागं एकमेकींवर आदळलो, कुबड्या पुढं गेल्या, डॉक्टरीणबाईंनी घोड्याला घालायच्या असतील तशा दोन शिव्या घातल्या. आईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर आरशात. मागून कोणी येत नाही ना, ते ती बघत होती.

बाबा बराच वेळ डॅशबोर्डवर हात ठेवून बसले. विचारण्यासारखं सगळं विचारून झालं होतं. माणूस जन्मभर जे करत आला ते संपल्यावर कसा दिसतो, ते मी तेव्हा बघितलं. मला त्यांची दया आली आणि त्याचा पुन्हा रागही आला.

"पुढं कुठं?" आईनं विचारलं.

"मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "गाडी तुझ्या हातात आहे."

'तू' म्हणाले. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं गिअर टाकला आणि गाडी शेडच्या रस्त्याला घेतली.

कच्चा रस्ता सुरू झाला. गाडी डुलायला लागली, पण पोट कुठंही घासलं नाही. डिकीतली गोणी आपल्या जागी बसून होती. आई खड्डे असे चुकवत होती की तिनं हा रस्ता पायांनी पाठ केला आहे हे कळावं. मी सहज पुढं वाकले आणि बाबांकडे बघितलं. त्यांचं डोकं खिडकीला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं. ते झोपले होते.

चालत्या गाडीत बाबांचे डोळे मिटलेले मी जन्मात बघितले नव्हते. आमच्या लहानपणी रात्रभराच्या बसप्रवासातही ते ड्रायव्हरच्या मानेवर नजर लावून बसायचे. आईच्या खांद्याला हात लावून मी खुणेनं दाखवलं. तिनं एक क्षण बघितलं, लगेच नजर रस्त्याकडे वळवली आणि वेग आणखी कमी केला.

शेड आली. पुढचं मोठं अंगण रिकामं होतं. आईनं गाडी आत घेतली, पण थांबली नाही. सावकाश अंगणाला एक वळसा घातला. मग दुसरा. डॉक्टरीणबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग खिडकीबाहेर. भट्टी आमच्या बाजूनं गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. बाबा बारीक घोरत होते.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पुढं वाकून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "गाडी पसंत आहे ना?"

"पसंत आहे," आई तितक्याच हळू म्हणाली. "घेतली असं समजा. पण आता ह्यांना न उठवता थांबवायची कशी, तेवढं सांगा."