सात जानेवारीची सुनावणी

"एकही माणूस आला नाही, म्हणजे कोणाची हरकत नाही. तसं लिहा आणि सही करा, तेरेसाबाई." विभागप्रमुख रफाल साहेब कोट चढवत म्हणाले.

तेरेसाबाईंनी पेन उचललं नाही. पोलंडच्या पूर्वेकडच्या झुबोवो गावात, शाळेत मांडलेल्या चाळीस खुर्च्या सकाळपासून रिकाम्या होत्या. युरोपीय संघाच्या पैशातून रेल्वे वेगवान करायची आणि त्यासाठी या गावचा थांबा उडवायचा, असं प्रांताच्या मनात होतं. थांबा गेला तर आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला शहरात जाणाऱ्या येवदोकिया मावशींनी करायचं काय?

"साहेब, आज यांचा नाताळ आहे."

"नाताळ होऊन दोन आठवडे झाले की."

"तुमचा-माझा झाला. हे गाव ऑर्थोडॉक्स. जुन्या पंचांगाने यांचा आज. सगळे चर्चमध्ये आहेत."

साहेब पार पश्चिमेच्या, कॅथलिक पोझनानकडचे, त्यांना काय ठाऊक! पण तारखेचा कागद तेरेसाबाईंच्या हाताखालूनही गेला होता. एकोणतीस वर्षं याच भागात नोकरी केलेल्या बाईला ते दिसू नये? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बरं, मग?"

"मग लोकांना विचारल्याशिवाय संघाचा पैसा वापरता येत नाही, हा नियम. सुनावणी झालीच नाही, असं लिहिते मी."

"तीन महिन्यांनी निवृत्त होताय. कशाला हे विकतचं दुखणं?"

"आजवर फुकटची पुष्कळ झाली, साहेब."

पूर्वी वॉर्साहून हुकूम यायचा आणि त्या निमूट शिक्का मारायच्या. एक शाळा आणि दोन टपाल कचेऱ्या त्यांच्याच शिक्क्याने बंद झाल्या होत्या. तेव्हा नाही म्हणायला हाताशी काहीच नव्हतं. आता होतं, संघातल्या कुठल्या कोण परक्या माणसांनी लिहिलेलं ते लोकांना विचारण्याचं रुक्ष कलम. पण तेरेसाबाईंना त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

वीस तारखेला पुन्हा सुनावणी झाली तेव्हा खुर्च्या पुरल्या नाहीत. येवदोकिया मावशी उठून म्हणाल्या, "माझं काय, आज आहे उद्या नाही. पण गाडी थांबू दे." संध्याकाळच्या गाडीचा थांबा गेला तो गेलाच; सकाळच्या आणि दुपारच्या गाडीचा मात्र प्रांताला ठेवावा लागला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तेरेसाबाई सकाळच्या गाडीने झुबोवोला उतरल्या. फलाटावर मावशी उभ्या होत्या. त्यांना अंधुक दिसायचं.

"कोणाकडे आलात, बाई?"

"कोणाकडे नाही. सहज."

"या की. गाडी थांबते आमच्याकडे."

गार्डने हात पुढे केला. मावशींनी तो हळूच बाजूला सारला, दांडा धरला आणि एकेक पायरी करत आपल्या आपण वर चढल्या. तोवर गाडी थांबून होती.