देवीचा चेहरा खाणारं मशीन

कळंबात महारुद्रच्या कारखान्यापुढं शंभरएक माणूस जमलेलं, आणि आत यंत्रेश्वर महाराज कंप्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला वर लिंबू बांधून हळद फासत होते. हे महाराज गेल्या साली विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. यंदा मोटारीतलं भूत काढतात. मी उमाशंकर, शेजारचा वेल्डिंगवाला. गर्दीत मीही होतो, खोटं कशाला बोलू!

झालं होतं असं. या मशीनवर लाकडी दारं कोरतात. दसऱ्यानंतर देवघराची तीन दारं घेतली. तिन्हींवर वेलबुट्टी झकास, पण देवीचा चेहरा आला की मशीन नाकडोळे खरवडून टाकायचं. मशीन चालवायची महारुद्रची सून हर्षाली. सणाला ती माहेरी, ईट गावाला गेलेली. परत आली आणि पहिलंच दार तिच्या हातून बिघडलं. पुढची दोन तिच्या नवऱ्यानं, उत्कर्षनं बिघडवली. खापर मात्र तिच्याच डोक्यावर! त्या दिवसापासून तिला कंप्युटरला हात लावू देईनात.

"यंत्र म्हंजे पुरुषतत्त्व!" महाराज गरजले. "बाईचा हात लागला, लोखंड कोपलं. हिनं इथला उंबरा ओलांडायचा न्हाय."

"महाराज, विळीबी लोखंडाचीच असती," मी म्हणालो. "ती कशी कोपत न्हाय?"

"गप रे नास्तिका!"

मग महाराजांनी फुंकर मारली आणि उत्कर्षला एका फळीवर ॐ कोरायला लावला. ॐ निघाला, अगदी सुरेख. गर्दीनं जयजयकार केला. महारुद्रच्या डोळ्यांत पाणी. तो सुनेला म्हणाला, "पोरी, तू आता घरातलंच बघ."

हर्षाली उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मामा, दोन वर्सं हे मशीन मी चालवलं. आता सुधरलंय ना? मग याच फळीवर देवीचा चेहरा काढून दाखवा. निघाला तर जाते घरात."

"आज देवी थकली," महाराज घाईनं म्हणाले. पण फुकटचा तमाशा गर्दी सोडते होय? उत्कर्षनं मशीन चालू केलं. जाड बिटानं, म्हणजे कोरायच्या पात्यानं, कडेचं लाकूड काढलं आणि तसंच ते चेहऱ्यात घुसलं. हर्षालीनं धावत जाऊन लाल बटण दाबलं.

"बघा मामा! इथं मशीननं थांबायला पायजे. चेहऱ्याला सुईगत बारीक बिट लागतं. आधी ते थांबायचं, मी बिट बदलायचे, मग पुढं चालायचं." ती नवऱ्याकडं वळली. "कंप्युटर कुणी उघडला होता?"

उत्कर्ष मान खाजवत म्हणाला, "खंडेनवमीला सगळी हत्यारं धुतली, पुजली. म्हटलं, कंप्युटरबी साफ करावा. सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं."

"आन् पोस्ट प्रोसेसर कुठला निवडला?"

पोस्ट प्रोसेसर म्हणजे आपलं चित्र मशीनच्या भाषेत सांगणारा दुभाषा. यादीतून आपल्या मशीनचा निवडावा लागतो.

"ऑटोमॅटिक टूल चेंज," उत्कर्ष म्हणाला. "ऑटोमॅटिक म्हंजे भारी की!"

"अहो, ते स्वतः बिट बदलणाऱ्या मशीनचं! आपलं बिट माणूस बदलतं. 'बदल' असा हुकूम येतो, आपल्या मशीनला तो कळत न्हाय. ते तेच जाड बिट घेऊन पुढं जातंय."

तिनं यादीत 'मॅन्युअल' निवडलं आणि नवी फळी लावली. अर्ध्यात मशीन थांबलं, बिट वर उचललं गेलं. हर्षालीनं दोन लोखंडी पाने घेऊन बिट बदललं, त्याचं टोक फळीला टेकवून उंची लावली आणि हिरवं बटण दाबलं. नाक निघालं, डोळे निघाले, नथसुद्धा निघाली.

"मग ॐ कसा निघाला?" कुणीतरी विचारलं.

"त्याला एकच बिट लागतं. बदलायचंच काय त्यात?"

उत्कर्षनं मान खाली घातली. "साध्या पाट्या नीट निघत्यात, हे सकाळी मीच महाराजांना सांगितलं होतं."

आम्ही वळून बघतो तर हळदीचं ताट तिथंच, महाराज पसार! येरमाळ्याची एसटी पकडली म्हणतात.

महारुद्रनं फडक्यानं हळद पुसली. "चुकलो पोरी," म्हणाला आणि पाने सुनेच्या हातात दिले.

"मामा, वरचं लिंबूबी काढा," ती म्हणाली. "मशीनच्या पट्ट्यात अडकंल."

तेव्हा बाबांनो, मशीन अडलं तर आधी सेटिंग बघा आणि चालवणाऱ्याला विचारा. त्या दिवशी अख्ख्या गर्दीत मशीनचं कळत होतं एकटीला, आणि आम्ही शंभर जण तिलाच बाहेर काढायला उभे होतो.