उन्नीची बर्फकाठी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फकाठी आहे. खरे तर आता मला काठी म्हणणे जरा जास्तच होईल. वीतभर लाकूड, एका टोकाला जळालेले, एवढीच मी उरले आहे. पण एके काळी मी माणसाच्या छातीपर्यंत येत असे आणि माझ्या खालच्या टोकाला अणकुचीदार लोखंडी दात होता.

आमचे तळे वर्षातले पाच महिने गोठलेले असते. लोक त्यावरून पायीच ये-जा करतात. पाऊल टाकण्याआधी काठीने बर्फावर ठोकायचे आणि कान द्यायचा. ‘टण्ण’ वाजले तर बर्फ जाड. ‘बद्द’ वाजले तर मागे फिरायचे. आणखी एक रीत आहे. काठी घेऊन हलक्या माणसाने पुढे चालायचे आणि जड माणसाने कमरेचा दोर धरून मागे. पुढचा पडला तर मागचा त्याला ओढून काढतो. जड माणूस पुढे जाऊन पडला, तर हलक्याने त्याला कसे ओढायचे?

हाल्वरने मला भूर्जाच्या लाकडातून तासले ते लग्नाच्या आठवड्यात, आपल्या बायकोसाठी. तिचे नाव उन्नी. ती लहानखुरी होती आणि तो प्रत्येक दाराला डोके आपटणारा. तीस हिवाळे ती दोघे लोकांचे सामान घसरगाडीवर घालून पलीकडे नेत. ती मला घेऊन पुढे असे. तो मागून सारखा बोलत असे.

“अहो, जरा गप्प बसा. बर्फ काय म्हणतोय ते ऐकू द्या.”

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, मागच्या माणसाने दोन भाकऱ्या कमी खाव्यात.”

माझ्या वरच्या भागाला तिच्या मुठीने खाच पडली. वर अंगठ्याची जागा आणि खाली चार बोटांची. उन्नीची काठी खोटे बोलत नाही, असे लोक म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

उन्नी बर्फात बुडाली नाही. ती उन्हाळ्यात, अंथरुणावर, तापाने नऊ दिवसांत गेली. हाल्वरने मला गोठ्यामागच्या खोलीत खिळ्याला टांगले. दोन हिवाळे मी तिथेच होते. माझ्या दाताला गंज चढला. तो कधी कधी दार उघडायचा, माझ्याकडे पाहायचा आणि दार पुन्हा लावायचा. हात मात्र लावत नसे.

तिसऱ्या हिवाळ्यात उत्तरेकडून हिमदैत्याने फुंकर घातली आणि सगळ्या राज्यातल्या चुली एकाच सकाळी विझल्या. गारगोट्या घासून हात सोलवटले, तरी ठिणगी पडेना. किल्ल्यात राजाची तीन वर्षांची मुलगी तीरा थंडीने निळी पडू लागली. आग आता एकाच ठिकाणी होती. तळ्यातल्या कावळबेटावर एका दगडी हंडीत न विझणारा निखारा होता. राजाने चिलखत घातलेले दोन शिपाई पाठवले. ते बर्फाखाली गेले.

मग राजपुत्र एस्किल स्वतः आमच्या दारात आला. बारा वर्षांचा, सडपातळ. त्याचे दात वाजत होते.

“आजोबा, कावळबेटाची वाट तुम्हालाच माहीत आहे म्हणतात.”

“वाट उन्नीला माहीत होती. मी मागे चालायचो.”

“तीरा उद्याची सकाळ बघणार नाही, असं वैद्यबुवा म्हणाले. मग मी एकटाच जाऊ?”

हाल्वर उठला. तो खोलीत आला आणि त्याने मला खिळ्यावरून काढले. त्याचा हात मोठा होता. तो त्या खाचेत बसेना.

बर्फावर हाल्वर स्वतः पुढे झाला. मित्रांनो, हे चूक होते आणि ते त्यालाही कळत होते. पण मला दुसऱ्याच्या हातात देणे त्याला जमेना. शंभर पावलांवर मी ‘बद्द’ वाजले. तो थांबला, पण उशीर झाला होता. त्याच्या पायाखालून एक लांब चीर सळसळत गेली.

“आजोबा, पुढे हलकं माणूस ना?” मागून एस्किल म्हणाला. “माझ्या दाईनं सांगितलंय. तुम्ही पडलात तर मी तुम्हाला ओढू शकेन का? घोडा लागेल.”

हाल्वर हळूहळू मागे सरकला. त्याने माझी खाच एकदा अंगठ्याने चाचपली. मग त्याने मला पुढे केले.

“इथं धर. अंगठा वर. घट्ट आवळू नकोस. ती आवळत नसे.”

एस्किलचा हात खाचेत नीट बसला. मी ‘टण्ण’ वाजले. त्याच्या कमरेचा दोर आणि रिकाम्या घसरगाडीची दोरी धरून हाल्वर मागे झाला आणि आम्ही निघालो.

बेटावर हंडी सापडली. ती साखळीने उचलून घसरगाडीवर ठेवली आणि परतताना खरी भीती कळली. हंडीची धग इतकी होती की गाडीखाली बर्फाचे पाणी होऊ लागले. थांबलो तर खालचा बर्फ वितळणार. घाई केली तर पुढचा तपासता येणार नाही. एस्किल ठोकत, ऐकत, पाऊल टाकत राहिला. किनाऱ्यावरची झाडे मोजता येऊ लागली.

तेवढ्यात मागे कडाड् झाले. गाडी कलली. एस्किल मला घेऊन मागे धावला आणि त्याने साखळी पकडली. बर्फ फुटला. गाडी खाली गेली आणि तोही छातीपर्यंत पाण्यात गेला. त्याने मला भोकावर आडवे टाकले. एक हात माझ्यावर होता, दुसऱ्या हातात साखळी.

“सोड ती हंडी!” हाल्वर ओरडला. दोर त्याच्या हातात काचत होता.

“तीरा मरेल!”

“अरे पोरा, तूही मरशील! सोड!”

मी वाकले होते. आणखी थोड्या वजनाने मोडलेच असते. साखळी हेलकावली, हंडी माझ्या दाताजवळ आदळली आणि मग त्याच्या बधिर बोटांतून सुटली. त्या जागी तळे आजही गोठत नाही.

हाल्वरने त्याला ओढून काढले आणि त्याच्या अंगावर स्वतःचा कोट घातला. एस्किल रडू लागला. मग त्याला धूर दिसला. माझे खालचे टोक पेटले होते. मी ओली होते, तरी ती आग विझत नव्हती.

हाल्वरने मला खाचेपाशी धरून उचलले, पण किल्ला अजून लांब होता. आग मला भराभर खात वर येत होती. लोखंडी दात वाटेतच गळून पडला.

“आजोबा, खाचेच्या खाली तोडू या,” एस्किल म्हणाला. “वरचा भाग तुम्हाला राहील. आजींचा.”

“आणि दारापाशी आग संपली तर?”

“पण तुमचा हात भाजेल.”

“चाल तू.”

किल्ल्याच्या चुलीपाशी पोहोचलो तेव्हा हाल्वरच्या तळहाताला फोड आले होते. एस्किलने कुऱ्हाड घातली. जळता तुकडा चुलीत पडला आणि लाकडे धडधडली. दासीने तीराला जवळ आणले. खूप वेळ काहीच झाले नाही. मग ती किरकिरली, “माझे पाय टोचतात.” राणी ते पाय मांडीवर घेऊन चोळू लागली.

माझ्यावरच्या चार बोटांच्या जागा जळाल्या. अंगठ्याची राहिली.

या खेपेला हाल्वरने मला खिळ्याला टांगले नाही. त्याने मला नव्या काठीच्या वरच्या टोकाला खोबण करून बसवले.

मित्रांनो, तुमच्या घरातले माणूस गेले तर त्याची वस्तू पुसून, टांगून ठेवू नका. तिथे ती नुसती गंजते. ज्याच्या हाताला ती बसते, त्याला ती द्या.

एस्किल वाढून हाल्वरएवढा जड झाला आणि आता तीरा बारा वर्षांची आहे. हिवाळ्यात ती मला घेऊन पुढे चालते आणि म्हातारा हाल्वर दोर धरून मागे. तिचा अंगठा त्या खाचेत बरोबर बसतो. हाल्वर पुन्हा बडबडू लागला आहे. काल ती थांबून, मागे न बघताच म्हणाली,

“आजोबा, जरा गप्प बसा ना. बर्फ काय म्हणतोय ते ऐकू द्या.”

तो गप्प बसला. मी ‘टण्ण’ वाजले.