तिसऱ्या रांगेचं उखळ

मी उखळ बोलतंय. दचकू नका. दगडालाही तोंड असतं. माझं तर चांगलं मोठं आहे, कायम आभाळाकडे उघडलेलं. पण त्यात सतत काहीतरी कांडलं जायचं, म्हणून बोलायला आजवर उसंत मिळाली नाही.

होटगीकडच्या खाणीत, काळ्या दगडाच्या पोटात, माझी किती युगं झोपेत गेली कोण जाणे. पाथरवटाच्या छिन्नीनं जाग आली, पण पुरती नाही. अजून मुसळाचा ठेका लागला की माझ्यावर तीच गुंगी चढते आणि पाण्याखालून ऐकावं तसं जग दुरून ऐकू येतं.

सोलापुरात गिरणीच्या पलीकडे सरकारनं बैठ्या खोल्यांची वसाहत बांधली. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. तिसऱ्या रांगेच्या अंगणात मला पुरलं आणि खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. चिठ्ठीला जात कळत नाही, भाषाही कळत नाही. म्हणून मोडनिंबच्या गोजरबाईंच्या एका अंगाला मागावर बसणारी, तेलुगू बोलणारी नरसम्मा आली, पुढं अक्कलकोटची गौरव्वा, आणि टोकाला एकटी राहणारी म्हातारी अमीनाबी. प्रत्येकीची शिवी वेगळी, गाणं वेगळं. तिखट तेवढं सगळ्यांच्याच डोळ्यांत सारखं जायचं. चटणी कितीही निपटून काढा, तळाला चिमूटभर उरतेच. नरसम्माची चिंच गौरव्वाच्या कारळात जायची, ती कारळं गोजरबाईंच्या शेंगदाण्यांत. “आज चटणीला न्यारीच चव आली गं,” असं त्या बोटं चाटत म्हणायच्या. मी गप्प.

मग गोजरबाईंच्या दुसऱ्या भिंतीची खोली सोजरबाईला निघाली. तिचा नवरा जोतीराम रेल्वेत कामाला. मोहोळला त्यांचं घर वेशीबाहेर होतं. एवढं कळलं आणि पुरे झालं. पहिल्याच दिवशी सोजरबाई शेंगदाणे घेऊन आली, तर गोजरबाईंनी माझ्यावर पाटी पालथी घातली.

“धुतलंय. वाळाया लागलंय अजून.”

वैशाखातलं ऊन होतं. पाटीखाली मला हसू आलं, मग जरा वेळानं आलं नाही.

गोजरबाईंची सून दुर्गा तेव्हा नवीनच होती. हातातला चुडा कोरा, तोंडात शब्द नाही. पहाटे भिंतीपलीकडून सोजरबाईची घरघरत्या जात्यावरची ओवी यायची, ती दुर्गा चूल पेटवताना ऐकायची. दुपारी माझ्यापाशी आली की तीच चाल मुसळाच्या ठेक्यावर गुणगुणायची. मला वाटायचं, मी अजून खाणीतच आहे आणि वर कुठंतरी पाऊस वाजतोय.

एकदा गोजरबाई अंगणातच म्हणाल्या, “सोजरे, मागल्या रांगंत तुमची मानसं हायेत. खोली बदलून घे की. करमंल तुला.”

“मला हितंच करमतंय की, मावशी. नळ दारात हाय.”

“मागं बी नळ हाय.”

“व्हय, संडासाला खेटून. मग तुमीच जावा की तितं!”

दोन्ही घरांची राजीखुशी असेल तर वसाहतीचे साहेब खोल्या बदलून देत. राजीखुशी कशी तयार करतात ते मी पाहिलंय. कुणी सोजरबाईची वाळत घातलेली लुगडी मातीत पाडायचं, कुणी तिचा भरला हंडा कलंडून द्यायचं. शेवटी जोतीरामच हरला. “सोमवारी साहेब येतोय. अंगठा दिऊ अन् जाऊ,” असं तो म्हणाला. सोजरबाईनं बोचकी बांधायला घेतली. पहाटेची ओवी बंद झाली. भिंतीला कान लावून दुर्गा वाट बघत राहिली.

रविवारी दुर्गाच्या नणंदेची हळद. मला धुऊन कुंकू लावलं, मुसळांना आंब्याची पानं बांधली. हळद कांडायला सवाशिणी पाच लागतात. दुर्गा, तिची चुलतसासू, नरसम्मा आणि गौरव्वा उभ्या राहिल्या. पाचवी, गोजरबाईंची बहीण, एसटीनं यायची ती आलीच नाही. गोजरबाई आणि अमीनाबी दोघींचं कपाळ मोकळं. बाकीच्या बाया कुणी गिरणीत, कुणी विड्या वळायला. वेळ टळायला लागली.

दुर्गा मुसळ टेकवून शेजारच्या दारात गेली आणि सोजरबाईला हाताला धरून घेऊन आली.

“ही कशाला?”

“पाचवी, आत्याबाई,” दुर्गा म्हणाली. लग्नानंतर सासूपुढं तिनं उच्चारलेलं ते सर्वांत मोठं वाक्य असावं.

सोजरबाईनं मुसळाला हात लावला नाही. “आदी पाटी कुटं ठिवलीया ती दावा. हळद झाली की परत झाकताय न्हवं?”

नरसम्मानं पदर तोंडात कोंबला. गोजरबाईंनी उन्हाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं.

“पाटी चुलीच्या इस्तवात घालते. धर मुसळ!”

मग हळद पडली. पाच हात वरखाली होऊ लागले, पिवळी धूळ उडाली, आणि सोजरबाईनं ओवी धरली. नरसम्माला शब्द येत नव्हते, तिनं नुसता हुंकार दिला. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. मी झोपेत होतं की काय?

सोमवारी महादेवप्पा साहेब आले. जोतीरामनं अंगठा पुढं केला, तोच गोजरबाई हळदीच्या हातांनी धावत आल्या.

“थांबा! हळदीची सवाशीण दारातनं उठवायची न्हाय. माज्या लेकीच्या संसाराला अपशकुन हुईल.”

“अहो, पण खोली बदला म्हणून तुम्हीच मागं लागला होता.”

“व्हते. आता न्हाय.”

“मग लग्न उरकल्यावर येऊ?”

“लगीन झाल्यावर पाचपरतावन. मग डोहाळजेवान, मग बारसं. तुमी कशाला उन्हाचं हेलपाटं घालताय?”

दुर्गा पदराआड उभी होती. सून भोळी आहे, असं गोजरबाई अजून सांगतात. मी दगड आहे, तरी मला तसं वाटत नाही.

गोजरबाई एका दिवसात बदलल्या असं मात्र समजू नका. सोजरबाईनं कांडलं की त्या मला तांब्याभर पाण्यानं धुवायच्या. पुढं तांब्या अर्धा झाला. पुढं विसरायलाच लागल्या.

आता कोपऱ्यावर तिखट कांडायचं यंत्र आलंय. माझ्या पोटात पाणी साचतं, चिमण्या येतात, रात्री एखादी चांदणी उतरते. पलीकडं नवी वसाहत उठतेय म्हणे. बांधणाऱ्यांनो, चिठ्ठ्या टाकूनच खोल्या वाटा, आणि अंगणात एक उखळ पुरा. माझ्या तळाला अजून हळदीचा डाग आहे. त्यातली कुणाची कुठली, ते मलाही सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की पहाटे सोजरबाईच्या भिंतीपलीकडून अजून ओवी येते.