हो म्हटल्यानंतर

वर्गातली बाकीची मुलं-मुली बावीस-तेवीसची आणि ती एकटी एकोणचाळीसची. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी तिला मावशी करून टाकलं. साध्या शाळेत बारा वर्षं शिकवल्यावर, अंध मुलांना शिकवण्याची पदवी घ्यायला ती पुन्हा बाकावर येऊन बसली होती. कारण विचारलं की ती हसण्यावारी न्यायची. खरं कारण तिला टोचत होतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या एका विद्यार्थ्याला ती वर्षभर "डोळे फुटले का तुझे?" म्हणून ओरडत राहिली होती. त्याला खरंच नीट दिसत नव्हतं, हे तिला फार उशिरा कळलं.

ब्रेल शिकताना तिची दमछाक झाली. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. बोटांना काही कळेना, म्हणून ती चोरून डोळ्यांनी वाचायची. शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मांध. एकदा त्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, बोट फिरल्याचा आवाज येत नाहीये. मला फसवतेस की स्वतःला?"

दुसऱ्या सत्रात एका शाळेत सराव पाठ सुरू झाले. तिच्या वाट्याला दहा वर्षांची एक मुलगी आली. तिला समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. ती बोलत सुटली की थांबायची नाही, म्हणून शाळेत सगळे तिला टकळी म्हणत. पहिल्याच दिवशी टकळीच्या आईने मावशीला व्हरांड्यात गाठलं.

"डॉक्टर म्हणतात, चार-पाच वर्षांत सगळंच जाईल. तिला यातलं काही बोलू नका. ठिपक्यांचा खेळ म्हणून शिकवा."

मावशीने मान डोलावली. खरं तर तेव्हाच बाईंच्या कानावर घालायला हवं होतं.

तीन आठवडे खेळ चालला. एक दिवस टकळीने पाटी बाजूला सारली.

"ही आंधळ्या मुलांची अक्षरं आहेत. मला का शिकवता?"

मावशीने पाटी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

"माझे डोळे जाणार आहेत का?"

"दिसणं कमी होत जाईल," मावशी हळू आवाजात म्हणाली. "कधी, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"आईला माहितीये?"

इथे थांबता आलं असतं. पण तोंडातून "हो" निघून गेलं. टकळी रडली नाही. त्या दिवशी पुढे एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी टकळीची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी होती. "यांचा पाठ झाला, गुण मिळतील. माझ्या लेकीचं काय?" मावशीचे पाठ तिथल्या तिथे बंद झाले. सत्र वाया गेलं.

बाई एवढंच म्हणाल्या, "खोटं बोलली नाहीस, ते बरोबरच. पण आधी तिच्या आईला तयार करायचं होतंस. पोर घरी एकटी पडली."

घरी नवरा म्हणाला, "हौस फिटली असेल तर सोड आता." ती भांडी घासत राहिली.

आठवड्याने न राहवून ती टकळीच्या घरी गेली. आईने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"माफी मागायला आले," मावशी म्हणाली.

"माफी घेऊन मी काय करू?" आईचा आवाज फाटला. "डोळ्यांना ओढणी बांधून घरभर फिरते. गुडघे फोडून घेते. मी हात लावला की झिडकारते. म्हणते, अजून काय काय लपवलंयस?"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दोघी एकदम आत धावल्या. डोळ्यांवर ओढणी बांधलेली टकळी उलटलेल्या खुर्चीपाशी बसली होती.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. दोघी होत्या तिथेच थांबल्या. खुर्ची चाचपडत ती उठेपर्यंत बराच वेळ गेला.

पुढच्या सत्रात मावशीने दुसऱ्या शाळेत पाठ पूर्ण केले. कसेबसे गुण पडले, पण पदवी मिळाली. टकळी आता दुसऱ्या शिक्षिकेकडे ब्रेल शिकते, असं कानावर आलं. त्या दिवशी निघताना मावशीने आपला नंबर ठेवला होता; त्यावर मधूनमधून तिच्या आईचा फोन यायचा, तो फक्त कामापुरता. एकदा तिने विचारलं, "जिन्याच्या पायऱ्यांना कुठल्या रंगाची पट्टी लावू?"

"पिवळी. पायरीच्या अगदी कडेला."

"बरं." मग ती म्हणाली, "अजून माझ्याशी नीट बोलत नाही ती."

"माझ्यामुळे," मावशी म्हणाली.

आईने ते खोडून काढलं नाही. तिने विचारलं, "पट्टी किती रुंद घेऊ?"