उभं राहायला जागा

अभियंत्याच्या घरी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायलाही जागा नव्हती. मधोमध नव्या पुलाची लाकडी प्रतिकृती मांडली होती. खाडीच्या तोंडावरचा जुना दगडी पूल खाऱ्या वाऱ्याने पोखरला होता. तो पाडून तिथेच नवा बांधायचा होता आणि लोकांची अट एकच होती: पूल नवा करा, रूप जुनं ठेवा. अभियंत्याने ती तंतोतंत पाळली होती. त्याच कमानी, तसेच दिव्याचे खांब, दगडसुद्धा त्याच रंगाचा. वरिष्ठांनी पाठ थोपटली होती, वर्तमानपत्रात फोटो आला होता. स्वारी खुशीत होती.

त्याची थोरली बहीण पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात परिचारिका होती आणि रोज पुलावरून पायीच जायची-यायची. ताईने प्रतिकृती चहूबाजूंनी पाहिली.

"सज्जे कुठे गेले रे?"

जुन्या पुलाच्या प्रत्येक खांबावर कठडा बाहेर घेऊन छोटा सज्जा काढलेला होता, आत दगडी बाक.

"ते वगळले. तेवढ्या खर्चात गाड्यांना एक लेन जास्त मिळते."

"आणि माणसांना?"

"अगं, पूल ओलांडायला असतो. बसायला बाग आहे की!"

"ट्रक अंगावर आला तर बागेत पळू का?" ताई म्हणाली. "ज्याने तो पूल बांधला त्याला काय दगड जास्त झाले होते? समुद्रावरचा वारा कसा ढकलतो ते ठाऊक होतं त्याला. त्याचा चेहरा उचललास, त्याची काळजी मात्र टाकून दिलीस."

"तुला भावजींच्या बैठकीचं पडलंय, दुसरं काय!" तो हसला.

त्याचे मेव्हणे शिंपीकाम सोडून घरी बसलेले, दम्याने बेजार. तरी संध्याकाळी ते रमतगमत पुलाच्या मध्यापर्यंत येत, सज्जात बसून बायकोची वाट पाहत आणि मग दोघं गप्पा मारत घरी जात. "हिला एकटीला पूल ओलांडायची भीती वाटते," असं वर सांगतही. विषय हसण्यावारी गेला.

काम सुरू झालं. जुन्या पुलाची एक बाजू बंद झाली, दुसरीवरून दोन्हीकडच्या गाड्या सोडल्या. ठेकेदाराला सिमेंट आणि सळ्या ठेवायला जागा हवी होती. सज्जे रिकामेच तर आहेत! अभियंत्याने सही ठोकली आणि सज्जांच्या तोंडाला पत्रे लागले. चालणारे कुरकुरले, तेव्हा उत्तर मिळालं, "थोडी कळ सोसा, तुमच्यासाठीच चाललंय." हे उत्तर आपल्या कचेऱ्यांत कायम तयार असतं.

ताईने नवऱ्याला बजावलं होतं, काम संपेपर्यंत येऊ नका. पण सवयीचा माणूस ऐकतो थोडाच! त्या संध्याकाळी वारा भणाणत होता. मेव्हणे नेहमीच्या जागी पोहोचले आणि पत्र्याला पाठ टेकून धापा टाकत उभे राहिले. एका ट्रकच्या समोरून बस आली. तिला वाट द्यायला ट्रकवाल्याने गाडी कडेला घेतली. एरवी माणूस दोन पावलं मागे सरला असता. मागे पत्रा होता.

ताई तेव्हा पुलावरच होती. जन्मभर तिने परक्यांच्या नाड्या पाहिल्या होत्या. त्या दिवशी तिने नवऱ्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

काही दिवसांनी अभियंता तिच्यासमोर येऊन बसला. "ताई, शिव्या दे मला. काहीतरी बोल!"

"काय बोलू? पोलीस लिहून गेले, चूक ट्रकवाल्याची. तुझं नाव कुठेच नाही. पत्रा ठोकताना इथे कोण उभं राहतं, एवढं कुणीच विचारलं नाही रे. तुमच्या नकाशात गाड्या आहेत, दिवे आहेत. ह्यांच्यासारखा दमलेला माणूस कुठे आहे?"

दुसऱ्याच दिवशी त्याने पत्रे उतरवले, आणि स्वतःचाच मंजूर आराखडा बदलायला घेऊन गेला. वरिष्ठ कडाडले, "कमानी आहेत, दिवे आहेत, आणखी काय हवंय? बाकड्यांपायी लेन घालवायची?"

"चालणाऱ्यांपायी, साहेब! वाटल्यास कमानी काढा, पण सज्जे राहतील!"

भांडण वर्षभर चाललं. त्याची बढती गेली. सज्जे आले.

पूल खुला व्हायच्या आधी तो ताईकडे गेला. "मधल्या सज्जात भावजींच्या नावाची पाटी लावतो."

"नको," ताई म्हणाली. "पाटी लागली की फुलं येतील, मग साखळी येईल, आणि बसलेल्याला कुणीतरी उठवेल. जागा मोकळी राहू दे."

पाटी लागली नाही. ताई त्या पुलावरून अजून कामावर जाते, एकटीच.

मंडळी, जुन्या वास्तूचा मान राखायचा असेल, तर ती बांधणाऱ्याने कुणाची काळजी वाहिली होती ते आधी शोधा. रंग आणि कमानी मागाहून बघू. तुमच्या गल्लीत उद्या असाच एखादा देखणा नकाशा येईल. तेव्हा चालणाऱ्याने उभं कुठे राहायचं, एवढं भर सभेत विचारा. लोक हसतील, हसू द्या. ताईलाही हसलेच होते!