मुद्दाम न केलेली चूक

नववीत कॉम्प्युटर हा विषय ऐच्छिक होता, म्हणजे मुलगे तो घेत आणि मुली चित्रकला घेत. तसा नियम कुणी केला नव्हता. केला असता तर मोडता तरी आला असता. कॉम्प्युटरच्या बाईंनी यंदा वर्गावर्गांत फिरून, गोड बोलून, प्रसंगी डोळे वटारून चार मुली गोळा केल्या. हेडसरांनी याला 'क्रांती' म्हटलं आणि चौघींना शेवटच्या रांगेतली, माऊस अडकणारी मशीन्स दिली. पुढच्या मशीन्सवर मुलगे आधीच बसलेले होते आणि बसलेल्याला उठवणं क्रांतीत बसत नव्हतं.

चौघींची म्होरकी झेरॉक्स. हे नाव वर्गाने ठेवलं होतं, कारण निम्मा वर्ग तिच्याच वह्या उतरवून पास होई. तिच्या वहीत खाडाखोड नसे. खोडरबर ती बाळगायची ते दुसऱ्यांना द्यायला. अशा मुलीला मशीनने पहिल्याच आठवड्यात लाल अक्षरांत सुनावलं की तिचं चुकलं आहे. चोरी पकडली जावी तशी ती पांढरीफटक पडली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाला तसंच लाल अक्षरांत सुनावण्यात आलं, तेव्हा तो "मशीन बिघडलंय" म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

यावर उपाय म्हणून बाई रोज फळ्यावर स्वतःच एक चूक करू लागल्या. प्रोग्रॅम लिहिता लिहिता मध्येच थांबायच्या, "अगंबाई, चुकलं की माझं," म्हणून कपाळाला हात लावायच्या आणि हसत हसत दुरुस्त करायच्या. अभिनय आपल्याला बरा जमतो, असा त्यांचा समज होता. पालकसभेच्या आदल्या आठवड्यात तास संपल्यावर झेरॉक्स मागे थांबली.

"बाई, आजची चूक मुद्दाम केलीत ना?"

"छे गं."

"कालची पण. तुमची चूक नेहमी तास संपत आला की होते. आणि ती तुम्हाला लगेच सापडते."

बाईंनी डस्टर उचललं, फळा पुसलेलाच होता, डस्टर परत ठेवलं.

"आम्हाला बरं वाटावं म्हणून करता, कळतं मला," झेरॉक्स म्हणाली. "पण तुमची चूक खोटी आणि माझी खरी. त्याने आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होतं. पालकसभा झाली की मी चित्रकला घेते."

"आणि त्या तिघी?"

"त्या येतील माझ्यामागे. त्या कुठेही येतात."

म्हणजे क्रांती संपली. बाईंनी झेरॉक्सच्या आईला बोलावून घेतलं. आई शहरातली बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधे ती खाकी गणवेशातच आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"जमत नसेल तर राहू द्या हो बाई. आम्ही तिला ओरडत नाही. ओरडायची संधीच दिली नाही तिने कधी."

"तुमचं काही चुकलेलं तिने पाहिलंय का?"

आई हसली. "नोकरीच्या पहिल्याच दिवशी डेपोच्या फाटकावर बस घातली मी. फाटक अजून वाकडं आहे. रोज त्याच्याकडे न बघता बाहेर पडते."

"हे सांगितलंत तिला?"

"काहीतरीच काय. आईने असं सांगायचं असतं का?"

आई गेल्यावर बाईंनी हिशेब मांडला. एकीने चूक लपवली, दुसरीने चुकांचं नाटक केलं. मोठ्या माणसाची खरी चूक पोरीने पाहायची कुठे?

पालकसभेत हेडसरांना प्रात्यक्षिक हवं होतं. शाळेची घंटा कॉम्प्युटरने वाजवायची: सभा सुरू होताना तीन ठोके आणि वीस मिनिटांनी, हेडसरांचं भाषण संपवायला, आणखी तीन. ही दुसरी कल्पना बाईंची होती आणि तिला समस्त शिक्षकांचा मूक पाठिंबा होता. प्रोग्रॅम मुलींकडून लिहून घ्यावा असं बाईंच्या मनात होतं, पण हेडसर म्हणाले, पालकांसमोर धोका नको. तेव्हा बाईंनीच तो घाईघाईत लिहिला.

हॉल भरला. व्यासपीठाच्या कोपऱ्यातल्या मशीनवर बाईंनी बटण दाबलं. घंटा वाजली. तीनदा वाजली. मग चौथ्यांदा, आणि मग कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. एक बाळ रडायला लागलं. एक आजोबा सभा संपली समजून निघाले. बाईंनी धडपडत प्रोग्रॅम बंद केला, तेव्हा कुठे शांतता झाली.

पडद्यावर लाल अक्षर एकही नव्हतं. मशीनची काही तक्रारच नव्हती. बाई ओळींवरून नजर फिरवत होत्या आणि ओळी मुंग्यांसारख्या इकडेतिकडे पळत होत्या.

"मशीन जरा जुनं आहे," हेडसर माईकवर म्हणाले.

सुटकेचा रस्ता आयता समोर आला होता. बाईंनी घाम पुसला. "मशीन ठीक आहे, सर," त्या म्हणाल्या. माईक जवळच असल्यामुळे ते सगळ्या हॉलने ऐकलं. "माझंच चुकलंय. कुठे ते मला दिसत नाहीये."

तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेली झेरॉक्स उठली आणि वर आली.

"ही मुद्दाम?" तिने हळूच विचारलं.

"शप्पथ नाही."

"कपाळाला हात नाही लावलात या वेळी," ती काहीशा समाधानाने म्हणाली आणि पडद्यात डोकं घातलं. "तीन ठोके होईपर्यंत वाजव म्हणालात. पण किती झाले ते मोजायची ओळच नाहीये इथे."

"टाक ती."

झेरॉक्सने ओळ टाकली. घंटा तीनदा वाजली आणि थांबली. टाळ्यांमध्ये झेरॉक्सच्या आईची टाळी वेगळी ऐकू येत होती. हेडसरांनी भाषण सुरू केलं.

वीस मिनिटं झाली. घंटा वाजली नाही. हेडसरांचा घंटेवर पूर्ण विश्वास असल्यामुळे ते बोलत राहिले. शाळेचा इतिहास संपवून ते स्वतःच्या बालपणाकडे वळले. शिक्षकांच्या रांगेतून बाईंवर नजरा येऊन आदळू लागल्या.

"बाई," झेरॉक्स कुजबुजली. "आधीचे तीन ठोके मशीन विसरलेलंच नाही. त्याला वाटतंय, वाजवून झाले. मोजणी परत शून्यावर आणायला हवी होती."

बाईंचा हात कीबोर्डकडे गेला. तिने तो बाजूला केला.

"तुम्ही नका हात लावू. ही चूक माझी आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला नव्हता. उलट कान लाल झाले होते आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. खालून आई खुणेने विचारत होती, काय झालं. झेरॉक्सने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग मशीनकडे दाखवलं.

"घरी गेलीस की आईला डेपोच्या फाटकाबद्दल विचार," बाई म्हणाल्या.

"कसलं फाटक?"

"विचार तर. आणि चित्रकलेचं काय ठरलं?"

"थांबा हो बाई, मधे बोलू नका."

बाई थांबल्या. माईकवर हेडसर नुकतेच इयत्ता दुसरीत पहिले आले होते. वेळ भरपूर होता.